एकोणीस दिवसांची रम

गुरुवार म्हणजे आमच्याकडे पेस्टीचा, मांस आणि सलगम भरलेल्या मोठ्या करंज्यांचा दिवस. मी मैदा मळून झाकून ठेवला होता आणि माझे सासरे, डेन्झिल हॉकिंग, स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून सलगम चिरत होते. सलगमाचे तुकडे किती जाड असावेत यावर आमचा चौदा वर्षं वाद चालू होता. "पोरी, हे माणसांना घालायचंय की गाईला?" असं म्हणून ते माझ्या हातातली सुरी काढून घेत आणि सगळं सलगम स्वतः चिरून देत. मला तेच हवं असायचं. खालून, नदीवरून, साखळ्यांवर ओढल्या जाणाऱ्या टोरपॉइंटच्या फेरीबोटीची खडखड येत होती. शेजारचं कुत्रं पोस्टमनवर भुंकून मोकळं झालं होतं. तेवढ्यात दार वाजलं.

पुढचं दार. आमच्या गल्लीत ओळखीचं माणूस मागच्या दारानं येतं. पुढचं दार वाजवतात ते डॉक्टर, पाद्री नाहीतर विक्रेते.

"काही विकायला आला असेल तर सांग, म्हातारा मेला," सासरे म्हणाले.

दारात मिस्टर रंडल उभे होते. 'पेंडेनिस' नावाच्या क्रूझरवर, म्हणजे युद्धनौकेवर, दुसऱ्या महायुद्धात ज्यांनी नोकरी केली त्यांची एक संघटना आहे, तिचे हे सेक्रेटरी. स्वतः युद्धाच्या वेळी पाळण्यात होते, पण मामा त्या जहाजावर होता, तेवढ्या भांडवलावर कोटाच्या खिशावर जहाजाचं सोनेरी चिन्ह. हातात एक लांबट खोकं. त्यांच्या मागे राखाडी कोटातली एक ठेंगणी बाई, सत्तरी ओलांडलेली, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

"मी विनिफ्रेड ब्रे," ती म्हणाली. "सॅल्टॅशहून आले. माहेरची टॉल. क्लेम टॉलची बहीण."

माझ्या पाठीमागे सुरीचा आवाज थांबला.

मी त्यांना आत घेतलं. आमचं स्वयंपाकघर तेवढंच, टेबलही तेवढंच. मी पीठ बाजूला सरकवलं आणि चहा ठेवला.

"मिस्टर हॉकिंग!" रंडल बसता बसता म्हणाले. "अहो, किती पत्रं पाठवली तुम्हाला. एकाचंही उत्तर नाही."

"मिळाली की. कागद जाड होता. चूल छान पेटली."

रंडल हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांनी कामाचं सांगितलं. पेंडेनिसला टॉर्पेडो लागला त्याला या बारा एप्रिलला पन्नास वर्षं होतायत. बंदराजवळच्या चॅपलमध्ये पितळी पाटी बसवायची आहे, तेवीस नावं, प्रत्येकापुढे तारीख. बावीस जणांपुढे बारा एप्रिल, शेवटच्या नावापुढे एक मे. क्लेम टॉल तेवढा एकोणीस दिवस जास्त जगला होता. चौदा नंबरच्या मेसमध्ये, म्हणजे जहाजावरच्या ज्या एका टेबलाभोवती क्लेम जेवायचा, झोपायचा आणि आपला रमचा वाटा घ्यायचा, तिथे बसणाऱ्यांपैकी आता डेन्झिल हॉकिंग एकटेच हयात होते.

"म्हणून पाटीवरचा पडदा तुम्ही काढायचा," रंडल म्हणाले आणि खोकं उघडलं. आत रमची बाटली. तिच्या लेबलवर पेंडेनिसचं चित्र, निळा समुद्र, पांढरा फेस. "आणि जुन्या रिवाजाप्रमाणे पहिला घोट तुमचा. फोटोवालाही येतोय."

"ती बाटली टेबलावरून खाली ठेव."

"का हो?"

"मी जेवतो या टेबलावर."

रंडलनी बाटली खाली ठेवली. मिसेस ब्रे चहा ढवळत होत्या, त्यात साखर नसतानाही.

आमच्या घरात रम येत नाही. नाताळच्या पुडिंगवर सगळीकडे रमचं लोणी घालतात, आमच्याकडे नुसती साय. लोकांना वाटतं म्हातारा दारूला न शिवणारा कट्टर चॅपलवाला आहे. तसं काही नाही, बिअर ते पितात. पण फेरीवर एकदा कुणाची रमची बाटली फुटली, तर सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्या एका दिवशी ते काम टाकून घरी आले आणि अंगणात उभं राहून त्यांनी बुटांवर बादल्या ओतल्या. ही फेरी म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य. युद्ध संपलं तसे ते तिच्यावर लागले, नदीच्या या काठावरून त्या काठावर. त्यापलीकडचं पाणी नको म्हणायचे. नोव्हेंबरात शहिदांच्या रविवारी सगळा गाव पदकं लावून निघतो, तेव्हा हे मागच्या परसात कोबीला माती लावतात. टीव्हीवर युद्धाचं काही लागलं की मात्र आवर्जून बघायला बसतात आणि शेवटपर्यंत नाक मुरडतात. "किती स्वच्छ जहाज! अरे, वास दाखवा की जरा, वास." माझा नवरा म्हणायचा, सोड, त्यांना विचारू नकोस. मी विचारलं नव्हतं.

मिसेस ब्रे यांनी चमचा बशीत ठेवला.

"मला पडद्याचं काही घेणंदेणं नाही," त्या म्हणाल्या. "मी एक विचारायला आले. आईनं विचारायला हवं होतं, पण तिची छाती झाली नाही. शेवटच्या रजेत क्लेम घरी आला तेव्हा तोंडाला रमचा वास येत होता. आईनं त्याच्याकडून दारू न पिण्याची शपथ घेतली होती, चॅपलमध्ये, सगळ्यांसमोर. तिनं त्याला दारातूनच परत पाठवलं. पुढं टॉर्पेडो लागला. जहाज कसंबसं रशियाच्या बंदरात पोचलं आणि तिथून तुम्ही सगळ्यांनी घरी पत्रं लिहिली. आमच्या गल्लीत तुमच्या जहाजावरच्या दोघांची आली, अठरा एप्रिलची तारीख. आम्हाला नाही आलं. मग तार आली, एक मे रोजी गेला म्हणून. एकोणीस दिवस तो जिवंत होता, मिस्टर हॉकिंग, आणि त्यानं आईला एक ओळ लिहिली नाही. सोळा वर्षं, मरेपर्यंत, ती एवढंच म्हणत राहिली, 'त्यानं मला माफ केलं नाही.' तुम्ही त्याच्या टेबलावर होतात. तो काही बोलला होता का? खरं सांगा. वाईट असलं तरी चालेल."

सासऱ्यांनी सुरी पुसली, मिटली, पुन्हा उघडली. त्यांच्या चेहऱ्यावर मला दुःख दिसेल असं वाटलं होतं. तिथे दुसरंच काही होतं. कुजकं अंडं फोडल्यावर माणूस तोंड फिरवतो, तसं. फक्त तोंड फिरवायला त्यांना जागा नव्हती.

"रंडल, तू बाहेर जा," ते म्हणाले.

"त्यांना बसू दे," मिसेस ब्रे म्हणाल्या. "जे आहे ते सगळ्यांसमोर."

"बरं. मग ऐका. तुमच्या भावानं लिहिलं नाही, कारण तो बारा तारखेलाच मेला होता."

रंडल पुढे वाकले. "असं कसं? नोंद आहे आपल्याकडे."

"नोंदीचं सांगतोय. गप्प बस. क्लेमची जागा वर डेकवर, तोफेपाशी. त्या थंडीत उघड्या हातानं लोखंडाला शिवलं तर कातडी तिथेच राहायची, आणि हा गाढव हातमोजे विसरून आलेला. मला म्हणाला, 'डेन, दोन मिनिटं सांभाळ,' आणि शिडीनं खाली गेला."

"तो नेहमीच विसरायचा," मिसेस ब्रे हळूच म्हणाल्या. "शाळेत सुद्धा."

"तेवढ्यात बसला टॉर्पेडो. मी खाली उतरायच्या तोंडावरच्या लोखंडी झडपेपाशी पोचलो तेव्हा पाणी वर येत होतं. झडप बंद करा म्हणून हुकूम आला. खिट्ट्या फिरवणाऱ्या हातांत माझेही हात होते. आतून आवाज आला नाही. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. नाही आला."

मी शेगडी बंद केली. दुसऱ्या चहाला ठेवलेलं पाणी उकळून उकळून आटत आलं होतं.

"खाली तिघांची नेमणूक होती, हे सगळ्यांना ठाऊक. क्लेम चौथा, ते फक्त मला ठाऊक. दुपारी हजेरी झाली. आमच्या मेसचा म्होरक्या यिओ म्हणून होता. त्यानं सांगून टाकलं, टॉलला वर कप्तानाच्या ब्रिजवर टेहळणीला नेलंय. त्याला खरंच तसं वाटलं होतं. त्या धांदलीत कोण कुठे, कुणाचा कुणाला पत्ता नव्हता. मी बोलणार होतो. पण तेवढ्यात नौदलाची रोजची रम आली. सकाळी वाटायची राहिली होती, म्हणून दुपारी. माणशी मोजून, किटलीत, मेसच्या टेबलावर. क्लेमचा वाटा त्यात होता. मी यिओला बाजूला घेऊन सांगितलं, क्लेम खाली आहे. यिओनं किटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाला, 'तुझा दोस्त ना तो? थरथरतोयस नुसता. त्याचा वाटा तू घे. उद्या सांगू.'"

"आणि तुम्ही घेतलात," मिसेस ब्रे म्हणाल्या.

"घेतला. छान लागला. अंगात ऊब आली. दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा किटली आली तेव्हा कुणी काही म्हणायच्या आत मी पेला पुढे केला. मग बाकीचे भांडायला लागले, रोज यालाच का? तर पाळी लावली. यिओनं भिंतीवर खडूनं पाळी लिहिली. माणूस पटावर होता तोवर रम येत होती आणि तो मेला असं सांगितलं की बंद. एवढा साधा हिशेब. कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, टॉल आत्ताच वर गेला, टॉल झोपलाय, टॉल संडासात आहे. दहा जण. एकाचीही जीभ अडखळली नाही."

"घरी पत्रं तुम्ही तेव्हाच लिहिलीत."

"त्याच टेबलावर. माझं आईला तीन पानी होतं. त्यात लिहिलंय, क्लेम मजेत आहे."

रंडल खुर्चीत चुळबुळले. "मिसेस ब्रे, वीस-एकवीस वर्षांची पोरं हो. युद्धाचे दिवस. आज आपण..."

"तुम्ही गप्प बसा," मिसेस ब्रे म्हणाल्या.

"तो म्हणतोय ते मीही पन्नास वर्षं स्वतःला सांगून बघितलंय, बाई," सासरे म्हणाले. "चिकटत नाही. पुढचं ऐका, म्हणजे कळेल का ते. आमचं टेबल त्या झडपेच्या वर होतं. बरोबर वर. पाय खाली सोडले की बूट झडपेवर टेकायचे. बंदरात दुरुस्ती निघाली तशा शेगड्या पेटवल्या, डेक तापला, आणि आठवड्याभरानं फटीतून वास यायला लागला. आम्ही काय केलं? चिंध्या चरबीत बुडवून फटीत कोंबल्या. आणि वर बसून डब्यातलं मांस खाल्लं. कुणीतरी म्हणालं, 'क्लेमनं मोजे धुतले नाहीत.' हसलो. मी पण हसलो. त्या दिवशी पाळी माझी होती."

मिसेस ब्रे यांनी कप दूर सारला. तो कप मला त्यांच्यापुढून उचलावासा वाटला, पण हात पुढे होईना. याच माणसाला मी रोज जेवू घालते, याचेच सदरे वाळत घालते, असं काहीतरी मनात आलं आणि त्या विचाराचीच मला लाज वाटली. पण शिसारी आली होती, हे खोटं कशाला सांगू?

"मेच्या एक तारखेला गोदीत जहाजातलं पाणी उपसलं. खाली उतरायला माणसं हवी होती, यिओनं मला पाठवलं. तेल आणि... ते सांगत नाही. तीन असायला हवे होते, चार निघाले. एक लेफ्टनंट आला, नाकाला रुमाल. चौथा कोण? मी सांगितलं. त्यानं रमची वही मागवली. वहीत टॉल कालपर्यंत पीत होता. त्याच्या लक्षात आलं सगळं. चौकशी लावली असती तर आम्ही अडकलो असतो, पण एकोणीस दिवस एक मेलेला माणूस ज्याच्या हजेरीत हजर होता, तो हा लेफ्टनंटही सुटला नसता. त्यानं वही मिटली आणि तो कारकुनाला म्हणाला, 'आज सापडला. आजची तारीख घाला.' त्या घाण कामाबद्दल आम्हाला जादा रम मिळाली. तेव्हा मी ओकलो. लोकांना वाटतं बिचारा डेन्झिल, रम बघून ओकतो. आधीचे एकोणीस दिवस मी ओकलो नव्हतो, एवढं ध्यानात ठेवा."

मिसेस ब्रे यांनी वर बघितलं. "म्हणजे तो रागावला नव्हता."

"रागावला होता. आदल्या दिवसापर्यंत. मग म्हणाला, 'बंदर लागलं की आईला लिहितो. चूक माझीच. आत शिरायच्या आधी पेपरमिंट तरी खायला हवं होतं.'"

त्या हसल्या. हसणं अर्ध्यावरच तुटलं आणि त्यांनी रुमाल काढला, पण तोंड झाकलं नाही.

"टोरपॉइंटहून सॅल्टॅश किती लांब आहे, मिस्टर हॉकिंग?"

"सरळ गेलं तर चार मैल."

"चार मैल. एक पोस्टकार्ड टाकता आलं नाही तुम्हाला? सही नका करू. नुसतं, 'तो बारा तारखेला गेला.' तेवढ्यावर ती म्हातारी सुखानं मेली असती."

"तुमची आई दोनदा माझ्या फेरीवर चढली होती," सासरे म्हणाले. "चोपन्न साली आणि पुन्हा पुढल्या वर्षी. काळी टोपी, डाव्या हातात काठी. मी ओळखलं. तिनं मला विचारलं, 'फेरी कधी सुटणार, बाळ?' मी म्हटलं, पाच मिनिटांत. आणि पाठ केली. ती पाच मिनिटं मी साखळीकडे बघत काढली."

मिसेस ब्रे उठल्या, सिंकपाशी गेल्या, नळ सोडून हात धुतले. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून, जणू काहीतरी चिकटलं होतं. मी टॉवेल दिला. त्यांनी घेतला. "तुमचा चहा वाईट नव्हता," त्या मला म्हणाल्या. "मला तो इथे पिववत नाही, एवढंच."

मग त्या सासऱ्यांकडे वळल्या. "मी तुम्हाला काही म्हणणार नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. मी घरी जाऊन आईच्या फोटोला सांगेन, मग बघेन काय वाटतं ते."

"बरोबर आहे," ते म्हणाले.

रंडलना आता काम सापडलं होतं. बॅगेतून त्यांनी एक छापील कागद काढला. "पाटी अजून कोरायला गेलेली नाही. तारीख बदलता येईल. हा समितीचा फॉर्म. जुनी तारीख, नवी तारीख, कारण." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि बोलत बोलत लिहायला लागले. "टॉल, सी. एक मे खोडून बारा एप्रिल. कारण..." ते थांबले. आवाज खाली आणला. "कारणाच्या रकान्यात 'नोंदीतली चूक' घालू. युद्धकाळात अशा पुष्कळ झाल्या. कुणाला त्रास नको. जहाजाचं नाव आहे, मिस्टर हॉकिंग, आणि तुमचंही. मिसेस ब्रे, तुमची हरकत नाही ना?"

"मला बारा तारीख हवी," मिसेस ब्रे म्हणाल्या. "बाकी तुमचं तुम्ही बघा."

"मग झालं. 'नोंदीतली चूक.'"

"थांब," सासरे म्हणाले.

रंडलनी पेन उचललं.

"नोंदीत चूक नव्हती. आम्ही जसं सांगितलं तसंच लिहिलं होतं त्या कारकुनानं. बिचाऱ्याचं अक्षरही चांगलं होतं. त्याच्या माथी कशाला मारतोस?"

"पण हा कागद समितीपुढे जाणार. वाचला जाणार, मोठ्यानं. ऐंशी माणसं असतात, बायकामुलांसकट. यिओची मुलगी असते. तुम्हाला उद्या या गावात..."

"मला गाव ठाऊक आहे." त्यांनी चिरलेल्या सलगमाची थाळी माझ्याकडे सरकवली आणि दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. "पडदा दुसरा कुणी काढू दे. फोटो दुसऱ्या कुणाचा काढ. मला एकच गोष्ट करून हवी आहे, रंडल. कारणाच्या रकान्यात लिही: चौदा नंबरच्या मेसनं तो जिवंत आहे असं सांगून एकोणीस दिवस त्याची रम घेतली. आणि खाली माझं नाव घाल."